घड्याळावरची दोन भोकं

शांती म्हात्रे जिना चढून वर आली तेव्हा चंद्रावती टिपणीस एका नवऱ्या मुलाच्या दारूबद्दल अहवाल लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं, कारण आलेली बाई खुर्चीपर्यंत न येता दारातच बसली होती.

पेणच्या बाजारात, गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर चंद्राताईंची खोली होती. बाहेर पाटी, ‘खाजगी चौकशी’. चौकशी बहुतेक स्थळांचीच. त्यांच्यामुळे ज्यांची लग्नं मोडली ते त्यांच्याबद्दल काय बोलत, ते इथे न लिहिलेलं बरं. मदतीला रघू भोईर. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. माणूस सरळ, पण दोनदा घंटा मारल्याशिवाय त्याच्या डोक्यातली गाडी हलत नसे.

“आमच्या म्हातारपनाचे पैसं हरवलं, ताई,” शांती म्हणाली. “एक लाख ऐंशी हजार.”

रघूने घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

१९९७ सालचा मार्च होता. शांतीचा नवरा गुणाजी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत चोवीस वर्षं कामाला होता. आदल्या वर्षी मेअखेर निवृत्त झाला. जुलैत फंडाचा आणि ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला. सप्टेंबरात एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेला. मागे राहिलं रोह्याजवळ वरश्याचं दोन खोल्यांचं घर, मुलगा नितेश आणि सून पिंकी. आणि बँकेच्या पासबुकात चौदाशे रुपये.

“मला बोलले होते, शांते, गाय दाराशी बांधली. आता दूध खायाचं, गाय नाय विकायची.”

“गाय कुठे बांधली, ते नाही सांगितलं?”

“बोलले, येल आली का सांगीन.” शांतीने पदर डोळ्यांना लावला. “येलच नाय आली.”

“मग सप्टेंबरपासून घर कशावर चाललंय?”

“कंपनीचा कसला तरी कल्यान फंड हाय. महिन्याला साडेएकोनीसशे. यांचे दोस्त दिनानाथ आणून द्यायचे. चार महिने आले. आता दोन महिने झाले, बंद. नितेशला कायम काम नाय. ताई, मी भीक मागू का आता?”

चंद्राताईंनी वही पुढे ओढली. मग विचारलं, “तुमचा संशय कुणावर आहे?”

शांतीने मान खाली घातली, पण उत्तर तयार होतं. “दिरावर. जनूभावजी. खाडीकडं मिठागरात असतात. बाराव्याला आले, जेवले नाय, माझ्या तोंडाकडं बघितलं नाय. तवापासून घरात पाय नाय. चोराच्या मनात चांदनं.”

“भावाभावांचं भांडण होतं?”

“छ्या. हे भावजींपेक्षा पाच वर्सांनी मोठे, पण त्यांना इचारल्याशिवाय पान हालवायचे नाय. यांनी शालेचं तोंड बघितलं नव्हतं. लगीन झाल्यावर भावजींनी पाटीवर अक्षरं शिकवली. भावजी सातवी पास. घरात तेवढा एकच दाखला.”

“आणि सातवी पास माणूस मिठागरात?”

“नशीब तेंचं,” शांती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं रोह्याच्या एसटीत बसली. रघू वाटेत स्वतःच्या शहाणपणाबद्दल बोलत होता. निवृत्तीचे सगळे पैसे त्याने पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाकले होते. “तेरा टक्के, ताई. महिन्याच्या महिन्याला व्याज हातात. मुद्दलाला हात नाही. मुलगे गोड बोलतात ते उगाच नाही.”

“साडेएकोणीसशे हा आकडा विचित्र नाही वाटत, रघूभाऊ?”

“का? चांगली रक्कम आहे.”

“मदत करणारा फंड दोन हजार देईल, नाहीतर दीड हजार देईल. साडेएकोणीसशे कोण मोजून देतं?”

रघूने विचार केला आणि नागोठणं येईपर्यंत झोप काढली.

वरश्याचं घर स्वच्छ होतं. भिंतीवर गुणाजीचा हार घातलेला फोटो, खांद्यावर शाल, हातात नारळ. निरोपसमारंभातला. शेजारी कंपनीने दिलेलं लाकडी घड्याळ. तबकडीच्या खाली, बोटभर रुंद पट्ट्यात लाकडाचा रंग जरा उजळ होता, आणि त्या पट्ट्याच्या दोन टोकांना दोन बारीक भोकं होती.

“इथे काही होतं का?”

“म्हाईत नाय. तेंनी आणलं तवा असंच होतं.”

दाराच्या मागे एका तारेत पावत्यांचा गठ्ठा ओवलेला होता. चंद्राताईंनी तो उतरवून एकेक कागद पाहिला. विजेची बिलं, घरपट्टी, रॉकेलच्या पावत्या, नितेशच्या शाळेची फी, १९७९ सालचं छत्रीचं बिल.

“माणूस टापटिपीचा होता,” रघू म्हणाला.

“फारच. पगाराची चिठ्ठी कुठे आहे यात?”

“ती कंपनीतच फाडून टाकायचे,” शांती आतून म्हणाली. “बोलायचे, पैसा आला, कागद कशाला?”

“छत्रीचं बिल अठरा वर्षं ठेवणारा माणूस?” चंद्राताईंनी गठ्ठा परत तारेवर लावला. “मानपत्र? कंपनीचं एखादं पत्र?”

काहीच नव्हतं. शांतीला वाचता येत नव्हतं. घरात कंपनीचा कागद येत नाही, याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

नितेश बाहेरून आला तो चिडलेलाच. सत्तावीस वर्षांचा, अंगाने दणकट. “काकाच्या झोपडीची झडती घ्या, नायतर दिनानाथकाकांची. मी गेलो होतो कंपनीत. खिडकीवरचा माणूस बोलला, ड्रायर मशिनवाल्या म्हात्र्यांचा हिशोब जुलैतच दिला, चेक सही घेऊन तेंच्याच हातात दिला. मंग गेला कुठं?”

“तू टेम्पो बुक केलायस म्हणे. दहा हजार ॲडव्हान्स. स्टँडवर ऐकलं,” चंद्राताई म्हणाल्या.

नितेशने आईकडे पाहिलं. सून पिंकी चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवले आणि दोन्ही हात पुढे केले. हातांत काचेच्या बांगड्या होत्या. “सोन्याच्या होत्या त्या टेम्पोसाठी मोडल्या, ताई. सासूबाईंना बोललो नाय.”

शांतीने सुनेच्या हातांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“मयताला कंपनीतलं कोण कोण आलं होतं?” चंद्राताईंनी विचारलं.

“मोठे सायब आले होते. लय भला मानूस. बोलले, जनूसारखा कामाचा मानूस परत व्हनार नाय. भावजी बाजूलाच रडत होते, तेंना धीर द्याला बोलले असतील,” शांती म्हणाली.

कंपनीच्या खिडकीवरचा कारकून बोलका निघाला. पैशांबद्दल तो काही सांगेना, पण नियम सांगायला त्याची ना नव्हती. अठ्ठावन्न पूर्ण झाली की निवृत्ती. “ड्रायरवाले म्हात्रे ना? जन्मतारीख एक जून. आमचे अर्धे कामगार एक जूनचेच. शाळामास्तर तीच घालायचे. मेअखेर आम्हाला हार कमी पडतात.”

“आणि भरती होताना काय लागायचं?”

“बहात्तर साली? सातवीचा दाखला. वय पस्तिशीच्या आत. त्याशिवाय दारात उभं करत नव्हते. आणि हो, कल्याण फंड म्हणालात तो आमच्याकडे कधीच नव्हता.”

दिनानाथ शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर भेटला. चंद्राताईंनी कल्याण फंडाचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला.

“पैसे कोण देत होतं, दिनानाथराव?”

“मी शपथेत अडकलोय, बाई.”

“एवढंच सांगा, ते बंद का झाले?”

त्याने बराच वेळ चपलेने माती उकरली. “देणारा उठू शकत नाय म्हणून,” तो म्हणाला आणि निघून गेला.

धरमतरच्या अलीकडे, बांधाच्या आतल्या बाजूला जनूची झोपडी होती. बाहेर मिठागरं कडक उन्हात पांढरी पडली होती, बायका पाट्यांतून मीठ वाहत होत्या. जनू खाटेवर पडून होता. पायांना मिठाच्या जुन्या जखमांचे व्रण, आणि प्रत्येक श्वासाला छातीत घरघर. उशाशी चष्मा आणि वर्तमानपत्र होतं.

“वहिनी मला चोर बोलते ना?” त्याने आधीच विचारलं. “बोलू द्या तिला.”

“तुम्ही एकटेच राहता?”

“बायको बालतपनात गेली. मंग एक स्थल आलं होतं. सातवी पास म्हणून आले, नोकरी नाय म्हणून परत गेले.”

“नोकरी का नाही केलीत?”

जनू हसला, आणि त्या हसण्याचा खोकला झाला. रघूने त्याला धरून उठवून बसवलं.

“वय किती तुमचं?”

“येत्या जूनला एकोनसाठ पुरी. एक जून. मास्तरांनी सगल्या पोरांची तीच लिवली.”

चंद्राताई उठल्या. बांधावरून परतताना रघू म्हणाला, “मला वाटतं दिनानाथच चोर. घाबरला किती.”

“रघूभाऊ, चोरलेल्या पैशाचं व्याज महिन्याच्या महिन्याला घरपोच करणारा चोर तुम्ही कधी पाहिलात?”

रघूने पाहिला नव्हता. “पण व्याज कुठून आलं यात?” त्याने विचारलं. चंद्राताई उद्या सगळ्यांना जनूच्या झोपडीत बोलवायचं म्हणत होत्या.

झोपडीत सहा माणसं मावत नव्हती, म्हणून नितेश उंबऱ्याशी उभा राहिला. शांती दिराकडे पाठ करून बसली होती. दिनानाथ कोपऱ्यात उकिडवा बसला होता, शिक्षा ऐकायला आल्यासारखा.

“शांतीबाई, तुमची गाय चोरीला गेलेली नाही,” चंद्राताई म्हणाल्या. “तिचं दूध तुम्ही चार महिने प्यायलात. महिन्याला साडेएकोणीसशे, म्हणजे वर्षाला तेवीस हजार चारशे. पोस्टाच्या तेरा टक्क्यांनी एवढं व्याज किती रकमेवर मिळतं? रघूभाऊ, तुम्ही तज्ज्ञ आहात.”

रघूने बोटांवर हिशोब केला, मग चुकला म्हणून परत केला. “एक लाख ऐंशी हजार,” तो म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“बरोबर तेवढेच. पैसे पोस्टात सुरक्षित आहेत. गुणाजींनी म्हातारपणाची सोय अगदी ठरवल्याप्रमाणे केली. फक्त ती त्यांच्या नावावर नाही.”

“कुनाच्या नावावर?” नितेशने विचारलं.

“ज्याच्या नावाने कंपनीने चेक काढला त्याच्या. दुसऱ्याच्या खात्यात तो जमाच झाला नसता.”



“छत्रीचं बिल जपणारा माणूस कंपनीचा एकही कागद घरात येऊ देत नाही. कंपनी सत्काराचं घड्याळ देते, तर त्याच्यावरची पट्टी काढूनच ते घरी येतं. पगाराची चिठ्ठी, मानपत्र, घड्याळाची पट्टी. या तिन्हींवर एक गोष्ट असतेच, माणसाचं नाव. ते नाव घरातल्या कुणी वाचायला नको होतं.”

शांती हळूहळू वळली.

“कंपनीने अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर निवृत्त केलं. पण गेल्या वर्षी अठ्ठावन्नाचे जनूभाऊ होते. गुणाजी पाच वर्षांनी मोठे, म्हणजे त्रेसष्टाचे. भरतीला सातवीचा दाखला लागायचा, गुणाजींनी शाळा पाहिली नव्हती. वय पस्तिशीच्या आत लागायचं, ते एकोणचाळिशीला आले होते. घरात दाखला एकच होता, हे तुम्हीच सांगितलंत. साहेब मयताला येऊन जनूसारखा माणूस होणार नाही म्हणाले, ते कुणाला धीर द्यायला नव्हे. त्यांच्या लेखी चितेवर होता तोच जनू होता.”

“म्हंजे बापूस काकाच्या नावानं...” नितेश म्हणाला.

“चोवीस वर्षं.”

जनूने उशीखाली हात घातला. फडक्यात गुंडाळलेली एक पितळी पट्टी त्याने नितेशच्या हातात दिली. तिला दोन टोकांना दोन भोकं होती. नितेशने वाचलं, “श्री. जनू पांडू म्हात्रे यांस, चोवीस वर्षांच्या प्रामाणिक सेवेबद्दल.”

“दादानं आणून दिली,” जनू म्हणाला. “बोलला, ही तुझी.”

त्याला सलग बोलता येत नव्हतं. दर दोन वाक्यांनी तो थांबायचा, आणि सगळे थांबायचे.

“बहात्तर साली मीच बोललो. दादा, तुझं पोर दोन वर्साचं. मी एकटा, मी कुठंबी जगंन. माझा दाखला घे. तो बोलला, दोन वर्सांत तुला पन चिकटवतो. पन नाव तर गेलं होतं. एक नाव कंपन्यांत दोनदा कसं जाईल? मंग मी मिठागरातच राह्यलो.” थोडा दम घेऊन तो म्हणाला, “दादा दर शिमग्याला यायचा, मीठ वाहून माझे पाय कसे झाले बघायचा आनि रडायचा. मला तेच नको वाटायचं.”

“मला का नाय सांगितलं?” शांतीने विचारलं. विचारलं कुणाला, ते तिलाही कळलं नसेल.

“दादानं शपथ घातली. कंपनीला कललं तर पैसं परत मागतील. नितेश तापट, बोलून बसंल. रोखीचं व्याज दिनानाथच्या हातनं गुपचूप पोचव बोलला. सवड बघून मी सोताच सांगीन बोलला.” त्याने डोळे मिटले. “शांत मानूस होता, कधी घाई नाय केली. हितंच तेवढी करायला पायजे होती.”

“आणि हे दोन महिने व्याज का बंद?” चंद्राताईंनी विचारलं.

“उठवत नाय, बाई. आनि एक इचार पन केला. पासबुकावर वारस म्हणून वहिनीचं नाव लिवलंय. दाक्तर बोलले, फार दिस नाय. मी गेलो का सगली रक्कम तिला मिलंल. मंग व्याजासाठी धावाधाव कशाला? म्हणून पडून राह्यलो. औषध पन बंद केलं.”

रघू उठून बाहेर गेला. बाहेर त्याला काही काम नव्हतं.

शांती गुडघ्यांवर सरकत खाटेजवळ गेली. तिने आजवर दिराच्या अंगाला हात लावला नव्हता, तसा रिवाजच नव्हता. आता तिने त्याचे ते फाटलेले पाय दोन्ही हातांनी धरले. “चोवीस वर्सं मी कुनाच्या पगारावर जगले, भावजी?”

“दादाच्याच गो, वहिनी. घाम तेचाच होता. माझं फकस्त नाव.”

“आनि मी तुमाला चोर बोलले. अख्ख्या आलीत बोलले.” ती मोठ्याने रडू लागली. “असले पैसं नको मला. तुमी मरायची वाट बघत बसू का मी, दूध काढाया?”

“आई,” नितेश म्हणाला.

“टेम्पो घेऊन ये. भावजी वरश्याला येनार.”

नितेशने ओळखीतून एक टेम्पो आणला. काकाला त्याने स्वतः उचलून आत ठेवलं. माणूस एवढा हलका कसा, असं काहीसं तो पुटपुटला. निघण्याआधी चंद्राताईंनी एका कागदावर मजकूर लिहून जनूची सही घेतली, म्हणजे तुंबलेलं व्याज दिनानाथला त्याच्या वतीने काढता येईल.

“हे कंपनीला कळवावं लागेल का?” रघूने बाहेर हळूच विचारलं.

“मला चौकशीचे पैसे मिळतात, रघूभाऊ. चुगलीचे कुणी दिलेले नाहीत.” शांतीकडून त्यांनी चौकशीचेही घेतले नाहीत, पण ते त्यांनी रघूला सांगितलं नाही.

जनू वरश्याला साडेचार महिने जगला. डॉक्टरांनी दिले होते त्यापेक्षा जास्त. पिंकी त्याला पेज भरवायची, शांती औषधाच्या वेळा सांभाळायची. नितेशने पहिल्याच दिवशी पितळी पट्टी घड्याळावर पुन्हा बसवली. तिच्यासमोर खाट होती. घड्याळाचे ठोके पडले की जनू ते ओठांनी मोजायचा, आणि मोजून झाले की भावाच्या फोटोकडे बघायचा. आयुष्यभरात त्याला कुणी काही दिलं होतं ते ही पट्टीच, आणि तीही त्याने मिळवलेली नव्हती, असं तो म्हणायचा. शांती त्याला ते बोलू द्यायची नाही.

श्रावणात तो गेला.

पेणच्या पोस्टात शांतीला एकटीला भीती वाटत होती, म्हणून चंद्राताई आणि रघू बरोबर गेले. कारकुनाने मृत्यूचा दाखला पाहिला, पासबुक पाहिलं आणि फॉर्म पुढे ओढला.

“मयत तुमचे कोण?”

शांती खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. मागे रांग होती. कुणीतरी घसा खाकरला.

“दीर,” ती म्हणाली.

कारकुनाने ते लिहिलं. मग मयताच्या नावाच्या रकान्यात त्याने नुसतं ‘ज. पां. म्हात्रे’ लिहिलेलं चंद्राताईंनी पाहिलं आणि शांतीला सांगितलं.

“सायब,” शांती म्हणाली, “तेंचं नाव पुरं लिवा. तेवढंच होतं तेंच्याजवल, आनि तेबी...”

तिने वाक्य सोडून दिलं. कारकुनाला काही कळलं नाही, पण बाईचा चेहरा पाहून त्याने वाद घातला नाही. अक्षरं खोडून त्याने वर पूर्ण नाव लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली.